रुपयात किती आणे दुखतंय? : पेन फेलोशिपच्या निवड समित्यांना खुलं पत्र

प्रति,
पेन मेडिसिनच्या (वेदनेवरच्या उपचारांच्या) फेलोशिपसाठी, म्हणजे एका वर्षाच्या प्रशिक्षणासाठी, उमेदवार निवडणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

गेल्या वर्षी तुमच्यापैकी तिघांसमोर मी मुलाखतीला अकरा मिनिटं बसले होते. घड्याळ तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर होतं, म्हणून आकडा पक्का सांगते. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण भांडण एका संस्थेशी नाही. त्याआधी दोन ठिकाणी अर्ज केले होते. एकीकडून बोलावणंच आलं नाही, दुसरीकडे प्रश्न जवळजवळ हेच होते. म्हणून पत्र सगळ्यांनाच.

मी सोलापूरची भूलतज्ज्ञ. एमडी इथल्याच डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून केलं. त्यानंतरची चौदा वर्षं शहरातल्या नर्सिंग होममध्ये भूल देत फिरते आहे. सकाळी सात रस्त्याला सिझेरियन, तिथून होटगी रोडला हर्निया, दुपारचा डबा गाडीतच आणि रात्री-अपरात्री कुणाचा तरी फोन, ‘मॅडम, निघालात ना? पेशंट टेबलवर घेतलाय.’ पेशंटला सर्जनचं नाव पाठ असतं, आम्ही ‘भूलवाल्या मॅडम’. याचं वाईट वाटायचे दिवस केव्हाच मागे पडले.

पाच वर्षांपूर्वी एका अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने त्याच्या दवाखान्यातली मागची खोली मंगळवारी दुपारी तीन ते सहा मला वापरायला दिली. तिथे मी दुखण्याचे पेशंट बघते. ऑपरेशन होऊनही कंबर दुखतेच आहे, नागीण वाळली पण आग गेली नाही, कॅन्सर आहे आणि ‘आता घरी न्या’ असं सांगितलंय, असे. शहरात पेनचं काम करणारे आणखीही सहकारी आहेत, मी काही एकटीच दिवा लावून बसलेली नाही. खोलीत एक टेबल, एक तपासायची कॉट आणि तीन खुर्च्या. एक पेशंटची, दुसरी सोबत आलेल्याची. तिसरीवर बसतात आमच्या मावशी. कागदोपत्री त्या आयाबाई. साखर पेठेत वाढल्या. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळा मराठी. मला तुमच्याशी या तिसऱ्या खुर्चीबद्दल बोलायचं होतं. अकरा मिनिटांत तो विषय निघाला नाही.

काय काय निघालं ते सांगते. सी-आर्मखाली (एक्स-रेच्या पडद्यावर बघत) स्वतःच्या हाताने किती ब्लॉक (नसेपाशी सुईने औषध सोडणं) केलेत? पेपर किती छापून आलेत? एफआयपीपी ही आंतरराष्ट्रीय परीक्षा देणार का? मग एका सदस्यांनी अर्जावरचा पत्ता वाचला आणि म्हणाले, ‘सोलापूर! चादरी!’ शेजारच्या बाईंनी डॉ. कोटणीसांचं नाव काढलं, तेव्हा जरा बरं वाटलं. शेवटचा प्रश्न अध्यक्षांचा. ‘इथे शिकून तुम्ही परत सोलापूरलाच जाणार? तिथे स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर कोण बसवून घेणार?’ (म्हणजे मज्जारज्जूजवळ बसवायचं, विजेच्या लहरींनी वेदना दाबणारं महागडं यंत्र.) मी म्हणाले, ‘कोणी नाही, सर.’ सगळे हसले. मीही हसले. आपला निकाल त्या हसण्यातच लागला, हे परतीच्या गाडीत कुर्डुवाडी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं.

प्रश्न चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. मज्जारज्जूच्या आसपास सुई घेऊन जाणाऱ्या माणसाचा हात किती बसलाय हे विचारायलाच हवं. मानेतल्या नसेच्या मुळाशी दाणेदार स्टेरॉइड देताना ते रक्तवाहिनीत गेलं, तर मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. हे मी वाचलंय. वाचणं वेगळं आणि शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकाने ‘थांब, आधी डाय टाकून बघ’ म्हणत हात धरणं वेगळं. म्हणून तर शनिवार-रविवारच्या कार्यशाळांवर माझं समाधान होत नाही. दोन मीही केल्यात. जेवण उत्तम असतं, प्रमाणपत्राचा कागद जाड असतो, आणि सोमवारी सकाळी आपण शुक्रवारी होतो तिथेच असतो.

माझी एक चूक सांगते, म्हणजे मी शिकायला का धडपडते आहे ते कळेल. अर्जात ती लिहिली नव्हती. अर्जात कोण लिहितं!

तीन वर्षांपूर्वी एमआयडीसीत यंत्रमागावर काम करणारा एक तरुण आला. वय तिशीच्या आत, चार महिने कंबर दुखतेय, डाव्या पायात कळ. हातात जुना एमआरआय, त्यात एक चकती जराशी सरकलेली. तशी चकती निम्म्या गावाची सरकलेली असते. मी एपिड्युरलमधून, म्हणजे कण्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर सुई घालून, स्टेरॉइड दिलं. दहा दिवस गडी खूश, कामावरही गेला. तिसऱ्या आठवड्यात आला तो पाठीला हात लावू देईना. बायको सोबत होती, ती तेलुगूत काहीतरी पुटपुटली. मावशींनी मला सांगितलं, ‘ती म्हणतीय, पैल्यापासनं रात्रीचंच जास्ती दुखायलंय, आन् सांजच्याला अंग कढत लागतंय.’ पहिल्या भेटीच्या दिवशी मावशी रजेवर होत्या. ‘ताप येतो का?’ असं मी त्याला मराठीत विचारलं होतं आणि तो ‘नाही’ म्हणाला होता. त्याच्या लेखी ताप म्हणजे डॉक्टरने काचेची नळी लावून सांगितलेला. संध्याकाळी अंग कढत होणं हे कामाचं, उन्हाचं. सोलापुरात कुणाचं अंग संध्याकाळी गार असतं?

नव्या एमआरआयमध्ये मणक्याचा टीबी निघाला. स्टेरॉइडने दहा दिवस का बरं वाटलं ते कळलं, आणि मी काय करून बसले तेही: स्टेरॉइड दुखणं दाबतं आणि जंतूला मोकळं रान देतं. टीबीची औषधं पूर्ण घेऊन तो आज मागावर उभा आहे, यात माझं काही कौतुक नाही. रात्रीचं दुखणं, ताप, घटलेलं वजन ही धोक्याची लक्षणं मला झोपेतही म्हणता आली असती. सुई जागच्या जागी गेली होती, एका इंचाचीही चूक नव्हती. तुमच्या ‘किती ब्लॉक केले’च्या रकान्यात तो ब्लॉक मी मोजलाय. यशस्वी म्हणून.

आता त्या खुर्चीकडे वळते.

दुखणं मोजायला आपण शून्य ते दहाची पट्टी वापरतो. आमच्याकडे पट्टी दाखवली की बहुतेक जण दहा म्हणतात. काही वीस म्हणतात, आणि त्यांचं खोटं नसतं. दोन वर्षांपूर्वी कुंभारीच्या विडी घरकुलातून एक आजी आल्या. पन्नास वर्षं विड्या वळतायत. मान दुखते, उजव्या अंगठ्याला मुंग्या येतात. कसं बसता म्हणून विचारलं तर त्यांनी माझं प्रिस्क्रिप्शनचं पॅडच ओढून घेतलं. वरचा कागद फाडला, त्याचं पान केलं, मांडीवर नसलेलं सूप घेतलं, मान खाली घातली आणि चुटकीसरशी कागदाची सुरळी वळून टोक नखाने आत दाबलं. दोरा गुंडाळल्यासारखं बोट फिरवलं. मग मान वर केली ती ‘आय्या गं’ म्हणतच. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, तेव्हा हा अंगठा दिवसाकाठी किती वेळा दाबला जात असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

मी पट्टी काढली. त्या म्हणाल्या, ‘ते शून्य-दहा मला कळंना गेलंय. रुपयात सांगू का? बारा आणे मान, चार आणे अंगठा.’

सोळा आण्यांचा रुपया, हिशेब पुरा होता. मी ते तसंच वहीत लिहून घेतलं. मानेतून निघणारी सहावी नस अंगठ्याकडे जाते, तेव्हा दोन्हींचं मूळ मानेतच असणार असा माझा अंदाज होता. औषध दिलं, व्यायाम दिले, सूप मांडीवर न घेता पाटावर ठेवायला सांगितलं. सहा आठवड्यांनी आल्या. ‘मान सहा आणे झालंय. अंगठा चारच हाय.’ दहाच्या पट्टीवर हे एकच उत्तर आलं असतं: आधीपेक्षा कमी. छान, औषध चालू ठेवा. आण्यांनी मात्र दाखवून दिलं की मानेला उतार पडला आणि अंगठा जागचा हलला नाही, म्हणजे अंगठ्याची तक्रार मानेची नव्हेच. नसेची तपासणी केली, मनगटाशी नस दबलेली निघाली. माझा पहिला अंदाज चुकला होता आणि तो आजींच्या हिशेबाने पकडला.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना रुपयात विचारते. पन्नाशीच्या आतल्यांना आणे माहीत नसतात, ते टक्के सांगतात. तेही चालतं.

रोनाल्ड मेलझॅकने १९७५ मध्ये मॅकगिल प्रश्नावली केली, तीत दुखण्याचे ७८ शब्द २० गटांत मांडलेले आहेत. तुम्हाला ते पाठ असेल, मलाही मुलाखतीसाठी पाठ होतं. दहा वर्षं आधी, १९६५ मध्ये, याच मेलझॅकने पॅट्रिक वॉलबरोबर वेदनेच्या ‘गेट’चा सिद्धान्त मांडला होता. मज्जातंतूंच्या फाटकावर काम केलेला माणूस शेवटी शब्द गोळा करायला बसला, याचं मला फार अप्रूप वाटतं. माझ्या वहीत ७८ भरले नाहीत अजून, पण जवळ आलेत. ठणका वेगळा, तो नाडीबरोबर उडतो. दाढेत, पू झालेल्या बोटात. चमक येते आणि जाते, जाताना जागा बदलते. भगभग म्हणाले की मी आधी नसेचा विचार करते. उसण भरते ती बादली उचलताना, एका क्षणात. रग लागते ती स्नायूला. तिडीक डोक्यात. शिणक, ठसठस, कळ, झिणझिण्या. मावशींच्या बाजूने तेलुगूतली नोप्पी, मंटा, तिम्मिरी आणि कन्नडमधली नोवू, उरी, जोमू. मंटा म्हणजे जाळ. तिम्मिरी आणि जोमू म्हणजे मुंग्या येऊन बधिर होणं. एखादी बाई ‘मंटा, तिम्मिरी’ असं जोडीने म्हणाली की मी प्रिगाबालिनचा, म्हणजे नसेच्या दुखण्यावरच्या औषधाचा, विचार करायला लागते, आणि तेच भाषांतरात ‘हात दुखतोय’ झालं की पॅरासिटामॉल लिहून मोकळी होते. फरक एवढा आहे.

इंटरनॅशनल असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ पेनने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्या खालच्या टिपांत म्हटलंय की माणूस दुखतंय म्हणून सांगतो त्याचा मान राखावा, आणि वेदनेची कल्पना माणूस आपल्या आयुष्यातून शिकतो. मुलाखतीत तुम्ही मला ही व्याख्या विचारलीत. मी खडाखडा म्हटली. पुढचा प्रश्न आला रेडिओफ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे सुईच्या टोकाने नस भाजण्याच्या, तापमानाचा.

आणखी एक पेशंट, मग मुद्द्याचं.

मोहोळ तालुक्यातले एक शेतकरी. तंबाखू आयुष्यभर, जबड्याचा कॅन्सर, ऑपरेशन आणि शेक दोन्ही झालेलं, आजार परतलेला. बोलता येत नव्हतं. नातवाची पाटी घेऊन आले होते. पाटीवर एका कडेला दोनचा पाढा होता, त्याच्याखाली त्यांनी लिहिलं: कान १६. जबड्याचं दुखणं कानात उतरतं, तुम्हाला माहीत आहे. सोळाच्या सोळा आणे कानात. त्यांना मॉर्फिन हवं होतं, दुसरं काही नाही. दहा मिलिग्रॅमची गोळी, दर चार तासांनी, सोबत पोट साफ व्हायचं औषध. ब्लॉक नाही, सी-आर्म नाही, स्टिम्युलेटर तर नाहीच.

ती गोळी माझ्या खोलीत मला ठेवता येत नाही. मॉर्फिन ज्यात येतं तो एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा १९८५ चा. २०१४ ची दुरुस्ती होईपर्यंत परवान्यांचं जंजाळ एवढं होतं की भली भली इस्पितळं त्या वाटेला जात नव्हती. दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक’ म्हणून वेगळी काढली आणि वाट सोपी केली. राज्याच्या औषध नियंत्रकाकडून संस्थेला मान्यता घ्यायची. पण त्यासाठी संस्थेत वेदनाशमनाचं आणि उपशामक उपचारांचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असावा लागतो. म्हणजे गाडी पुन्हा तुमच्या दारात. तुम्ही एकाला शिकवता तेव्हा त्याच्या गावात एक कपाट उघडतं, दोन कुलपांचं, नोंदवही असलेलं. आमच्याकडे ते कपाट उघडायला मी अर्ज केला होता.

त्या शेतकऱ्याचा मुलगा मजुरीचा दिवस मोडून, मोटारसायकलवर, मान्यता असलेल्या केंद्रातून गोळ्या आणायचा. पहिल्यांदा घाबरला होता, ‘नशा लागंल की मॅडम.’ वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून दिल्या. रात्री झोपमोड नको म्हणून झोपताना दोन गोळ्या. आठवड्याने पाटी आली: कान ५. खाली बारीक अक्षरात: मनात हरिपाठ झाला. आषाढी त्यांनी पाहिली, पोरगा चालत जाऊन आला. श्रावणात गेले. शेवटपर्यंत आकडा सातच्या वर गेला नाही.

आता प्रशिक्षणाच्या वाटा. तरुण भूलतज्ज्ञ मला फोन करून विचारतात म्हणून थोडक्यात. एमडीनंतरची डीएम ही पदवी करायची तर ऋषिकेशच्या एम्समध्ये पेन मेडिसिनचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. स्पर्धा परीक्षा, देशभरातून मुलं, जागा हाताच्या बोटांवर. बाहेर बघावं तर ऑस्ट्रेलियाने हे स्वतंत्र स्पेशालिटी म्हणून २००५ मध्येच मान्य केलं आणि ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ अॅनेस्थेटिस्ट्सने २००७ मध्ये वेगळी फॅकल्टी काढली. वर्ल्ड इन्स्टिट्यूट ऑफ पेनची एफआयपीपी आहे, तिच्यात मृतदेहावर सुया घालून दाखवाव्या लागतात आणि तिकिटासकट खर्च माझ्या गाडीपेक्षा जास्त होतो. (गाडी जुनी आहे.) माझ्यासारख्यांना उरते ती एका वर्षाची फेलोशिप. आणि तीही मिळाली तर ते वर्ष काढायचं कसं? माझं घर कॉलवर चालतं. आई आहे, आठवीतली मुलगी आहे. विद्यावेतनात मोठ्या शहरातलं भाडं निघेल, इथलं घर निघणार नाही. आणि बारा महिने मी दिसले नाही तर सर्जन थांबणार नाहीत, त्यांनी का थांबावं? पेशंट टेबलवर असतो. परत आल्यावर माझी जागा दुसऱ्या कुणीतरी घेतलेली असेल आणि मला पुन्हा शून्यापासून ‘मॅडम, येता का’ची वाट बघावी लागेल. चाळिशीत फेलोशिपला येणारे कमी का, असं तुम्ही एका परिषदेत विचारलं होतंत. हे कारण.

तर मागणं असं आहे. बारा महिने कमी करू नका. तोडून द्या. चार-चार महिन्यांचे तीन टप्पे, दोन-अडीच वर्षांत पुरे करायचे. लॉगबुक तेच, परीक्षा तीच, नापास करायचं तर तेवढंच कडक. मधल्या काळात आपल्या गावात केलेल्या केस दर महिन्याला शिक्षकाला दाखवायच्या. चार महिने मला कुणीही सांभाळून घेईल. माझ्या दोन सर्जननी तसं कबूल केलंय, त्यातल्या एकाने तर ‘तुम्ही जा, पण बदली माणूस चांगला द्या’ म्हणून अटही घातली.

दुसरं, या बारातले दोन महिने प्रत्येक फेलोला जिल्ह्यात पाठवा. शिकवणार कोण म्हणाल. याचं उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचं पाठबळ होतं, आणि नोंदणीची माणसं गावोगाव फिरून केस शोधत होती. त्या काळात बार्शीहून मुंबईला फोन लावायचा तर ट्रंक कॉल. तेव्हा मोठ्या संस्थेला तालुक्याच्या गावात मोजणी शिकवता आली, तर आज व्हिडिओ कॉल असताना वेदना शिकवता येणार नाही असं मला पटत नाही. तुमच्या फेलोला इथे रेडिओफ्रिक्वेन्सी मिळणार नाही. नागिणीवर गेरू लावून पाचव्या दिवशी आलेला पेशंट मिळेल, तोंड-शेपूट जुळली की माणूस जातो या भीतीने अर्धमेला झालेला. विषाणूचं औषध ७२ तासांत सुरू करायचं ही ओळ पुस्तकात वाचायची आणि ते ७२ तास कुठे गेले हे बघायचं, दोन्ही व्हायला हवं.

आणि मुलाखत. अकरा मिनिटंच ठेवा, हरकत नाही. त्यातली सात मिनिटं उमेदवारासमोर एक पेशंट बसवा, शक्यतो उमेदवाराची भाषा नीट न येणारा. तुम्ही गप्प बसून बघा. उमेदवार काय विचारतो, कुठे थांबतो, सोबत आलेल्या बाईकडे वळून बघतो की नाही. मी तो माग कामगार पहिल्यांदा तपासला तेव्हा तुम्ही तिथे असता, तर मला नापास केलं असतंत. बरोबरच केलं असतंत.

‘परत कुठे जाणार?’ हा प्रश्नही काढू नका. फक्त ‘सोलापूर’ असं उत्तर आलं की हसू नका. माझ्यासारखीला मोठ्या शहरात थांबायचं नाही, तिथे तुमचे विद्यार्थी पुरेसे आहेत. ज्याच्या गावात त्याची वाट बघणारे पेशंट आधीच बसलेले आहेत, त्याच्या त्या पत्त्याला दोन गुण देता आले तर बघा.

यंदाचा फॉर्म समोर उघडा आहे. अर्हता, अनुभव, प्रसिद्ध लेख, शिफारसपत्रं दोन. सगळं भरून झालं. शेवटी ‘इतर माहिती’ म्हणून दोन ओळींची जागा आहे. त्या दोन ओळींत वही मावत नाही, म्हणून तिची झेरॉक्स वेगळी जोडते आहे, ४६ पानं. पेशंटची नावं-पत्ते झाकलेत. काही ठिकाणी अक्षर मावशींचं आहे, ते माझ्यापेक्षा बरं आहे.

त्या विडीवाल्या आजी परवा मंगळवारी आल्या होत्या. त्यांचं वाक्य मोठ्या डॉक्टरांना पाठवू का म्हणून विचारलं. म्हणाल्या, ‘पाठवा की. पन जुनं नगा लिहू. अंगठा आता दोनच आणे हाय.’

कळावे,
आपली नम्र,
सोलापुरातील एक भूलतज्ज्ञ